पारूबाईच्या हजेरीवर

लोहा तालुक्यातल्या शाळांमध्ये मिळून माझी तीस वर्षं नोकरी झाली. या तीस वर्षांत मी चार हेडमास्तरांशी भांडले आणि चारही वेळा भांडणाचं कारण एकच होतं. पहिलीत पोर दाखल करताना जन्मतारखेच्या रकान्यात 'एक जून' लिहायला माझा हात तयार होत नाही. आता दवाखान्याचे दाखले असतात, पण पूर्वी आईबाप पोराला पुढे ढकलून म्हणायचे, "टाका की बाई तुमच्या मनानं." मग मी त्यांना बसवून घ्यायची. पोर झालं तेव्हा शेतात काय उभं होतं? थंडी होती की ऊन? जवळपास कुणाचं लग्न होतं का? आजीला बोलवा, सुईणीला बोलवा. हेडमास्तर वैतागायचे, "सुमनबाई, साठ पोरं आहेत, अशानं दिवाळी येईल." म्हटलं येऊ द्या.

माझी स्वतःची जन्मतारीख एक जून १९७२ आहे. म्हणजे कागदावर. खरी आहे सतरा फेब्रुवारी १९७३. या दोन तारखांत साडेआठ महिन्यांचं अंतर आहे आणि त्या साडेआठ महिन्यांत आमच्या सरजामावशीचा पगार अडकून पडला. पगार म्हणजे नोकरीचा नव्हे. अपंग, निराधार माणसाला सरकारकडून महिन्याला जी मदत मिळते तिला आमच्याकडे पगारच म्हणतात. उभ्या आयुष्यात मावशीनं सरकारकडे तेवढी एकच गोष्ट मागितली.

सरजामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. अहमदपूर तालुक्यात चिलारवाडी म्हणून आमचं छोटं गाव आहे. तिथल्या बौद्धवाड्यात तिचं घर आणि आमचं घर एका भिंतीला लागून. माझी माय पारूबाई आणि सरजाबाई एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या, एकाच आडावर पाणी भरायला लागल्या आणि चार दिवसांत एकमेकींना 'पारू' आणि 'सरजा' म्हणायला लागल्या. भिंतीत वरच्या अंगाला एक वीट काढून ठेवलेली होती. त्या भोकातून विस्तव, मीठ, तिखट आणि गावच्या बातम्या इकडून तिकडे जायच्या. मी लहानपणी पाटावर चढून त्या भोकाला तोंड लावून 'मावशे' म्हणून ओरडायची, आणि पलीकडून आधी हसू यायचं, मग शेंगदाणे यायचे. तशा शेंगदाण्यांची चव मला पुढं कुठं मिळाली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं. बांधाच्या कामावर माती आणि शेजारी माळावर खडी फोडणं. मजूर लई आणि काम थोडं, म्हणून त्या कामावर एका घरातलं एकच नाव घेत. मावशीच्या घरातून तिचा नवरा, व्यंकटीमामा, मातीवर होता. आमच्या घरातून माय खडीवर होती, कारण माझे दादा, म्हणजे वडील, तेव्हा कामाच्या शोधात नांदेडला गेलेले. माय पोटुशी होती. दिवस भरत आले तरी ती हातोडी घेऊन माळावर बसायची. तीन दिवस गैरहजर राहिलं की हजेरीपटातून नाव कट, आणि एकदा कट झालेलं नाव पुन्हा चढवायचं तर महिना जायचा. मजुरी गेली म्हणजे सोबत खायला मिळणारी सुकडी गेली, चूल गेली.

यावर बायकांनी आपला एक रिवाज काढला होता. जिला उठवत नाही तिच्या जागी दुसरी जाऊन बसायची. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायची. याला त्या 'हजेरीवर उभं राहणं' म्हणत. मुकादम संगप्पा सगळ्यांना तोंडानं ओळखून होता. तो वहीत मान घालून नाव पुकारायचा आणि आवाज आला की खूण करायचा, वर बघायचा नाही. भला माणूस. आज मला वाटतं, तेव्हा त्यानं एकदा वर बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण मग आमच्या घरात त्या आठवड्याला खायला काय होतं, हेही मला माहीत आहे.

माघाच्या पुनवेला सकाळपासून मायला कळा लागल्या. सरजामावशी सुईणीला बोलावून आली, चुलीवर पाणी ठेवून दिलं आणि मायची हातोडी घेऊन माळावर गेली. "पारूबाई लिंबाजी" पुकारलं, तिनं "हजर" म्हटलं. दुपारच्या सुमाराला शेजारणीच्या हातोडीखालचा दगड फुटला आणि त्याची कपची उडून मावशीच्या डाव्या डोळ्यात घुसली.

तिला बाजेवर घालून गावात आणलं. डोळ्यावर पदर बांधलेला, पदर रक्तानं भिजलेला. आमच्या दारावरून बाज चालली तेव्हा आतून माझं रडणं ऐकू आलं. हे मला मायनं सांगितलं, सुईणीनं सांगितलं, आणि मावशीनं तर कितीदा सांगितलं त्याला गणती नाही. बाज थांबवून तिनं विचारलं होतं, "पारूला काय झालं?"

"पोरगी," आतून आवाज आला.

"बरं झालं. मया डोळ्याचं तिला सांगू नगा आत्ताच," असं म्हणून ती अहमदपूरच्या दवाखान्याकडे गेली. डोळा वाचला नाही.

त्या दिवसाची मजुरी माझ्या मायच्या नावावर निघाली. मजुरी मायची, डोळा मावशीचा आणि जन्म माझा. आमच्या घरात या गोष्टीचं कुणी मोठं केलं नाही, आणि कुणी ती विसरलंही नाही.

एक डोळा गेल्यानं माणसाचं काय जातं हे डॉक्टरला माहीत असायला पाहिजे, पण मला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत आहे, कारण मी मावशीच्या डाव्या बाजूनं चालत मोठी झाले. ती रस्त्यानं निघाली की मी पळत जाऊन तिचा डावा हात धरायची. त्या बाजूनं बैल आला, सायकल आली, बाभळीची फांदी आली तरी तिला कळायचं नाही. समोरचं बघताना ती कोंबडीसारखी मान वाकडी करायची. लांबी-खोलीचा अंदाज गेलेला. कपात चहा ओतताना ती आधी कपाच्या काठाला बोट लावायची आणि बोटाच्या आधारानं ओतायची, नाहीतर निम्मा चहा बशीबाहेर. खुरपायला गेली तर डाव्या अंगाचं पीकही तणाबरोबर निघायचं. एकदा मुगाची अख्खी ओळ गेली. शेतकरी तोंडानं काही बोलायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं यायचं नाही. बायकांची टोळी हसत-खिदळत खुरपायला जायची आणि मावशी दारात उभी राहून मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत राहायची. व्यंकटीमामाच्या एकट्याच्या मजुरीत घर भागायचं नाही. एकच लेक, ती अर्धापूरकडे दिलेली, केळीच्या बागांत राबणारी. तिच्याकडे काय मागणार?

तरी तिच्याइतकी हसणारी बाई मी पाहिली नाही. दरवर्षी माघाच्या पुनवेला ती गुळाच्या पोळ्या करायची आणि भिंतीच्या भोकातून पहिली पोळी माझ्यासाठी सरकवायची. "घे, तुया वाढदिवस अन् मया डोळ्याची बरसी," म्हणायची. माय रागवायची, "सरजा, अभद्र बोलू नको." मावशी म्हणायची, "अगं, एकाच दिवशी दोन कामं होऊन राहिलीत, पोळी एकदाच लाटावी लागते."

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. त्या दिवसाची मला अजून याद आहे. शाळेतून प्रभातफेरी निघाली, मास्तरांनी नव्या जिल्ह्याच्या नावानं घोषणा द्यायला लावल्या, प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन गोळ्या ठेवल्या. आम्हा पोरांना जिल्हा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण काहीतरी आपलं झालं एवढं कळलं. मोठी माणसं तर हरखून गेली होती. आजवर कलेक्टर कचेरीचं काम निघालं की उस्मानाबाद. दोन गाड्या बदला, रात्री कुठंतरी पथारी टाका, आणि साहेब रजेवर निघाला तर तसेच माघारी या. आता लातूर. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी भाकरीला हजर.

मावशीनं त्याच आठवड्यात बाजारातून नवी चप्पल घेतली. माय म्हणाली, "कुठं निघाली गं?"

"लातूरला. जिल्हा आपल्या दारात आलाय, आता पगार मागते."

पहिल्या खेपेला व्यंकटीमामा सोबत गेला. दवाखान्यात डॉक्टरनं उजवा डोळा झाकून तपासलं, डावा झाकून तपासलं, आणि तीस टक्के लिहून दिलं. पगाराला चाळीस टक्के लागतात. मावशी संध्याकाळी घरी आली, नवी चप्पल काढून भिंतीला उभी केली आणि भोकातून मायला म्हणाली, "पारू, मला एक सांग. एक डोळा तीस टक्के म्हंजे दोन मिळून साठ. मग दुष्काळाच्या आधी बाकीचं चाळीस टक्के मी कशानं बघून राहिले होते?"

माय हसली. मावशीही हसली.

लातूरच्या कचेरीत भीमाशंकर म्हणून एक कारकून होते. कपाळाला भस्म, आवाज हळू, आणि समोरच्याला आधी पाणी विचारायची सवय. त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग नियमावर आहे, आणि नियमाला तोंड नसतं म्हणून तो अजून तसाच आहे. दुसऱ्या खेपेला ते मावशीला म्हणाले, "बाई, सरकारी कामावर असताना डोळा गेला असेल तर टक्क्याची अट नाही. तसा पुरावा लागेल. दुष्काळी कामाचे हजेरीपट उस्मानाबादहून ट्रकनं आले आहेत, गठ्ठे अजून सोडायचेत. पंधरा दिवसांनी या."

त्या पंधरा दिवसांत मावशीनं वाड्यातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं की आपलं काम झालं. मला म्हणाली, "पगार आला की तुला गणवेश मी घेणार." मी शाळेत सांगितलंसुद्धा.

भीमाशंकरांनी शब्द पाळला. लाल फडक्यातले गठ्ठे सोडून, धुळीनं शिंकत त्यांनी ते पान शोधून काढलं. सतरा फेब्रुवारी १९७३, शनिवार. संगप्पानं शेऱ्यात नीट लिहिलं होतं: खडी फोडताना डाव्या डोळ्यास इजा, दवाखान्यात पाठविले. आणि नावाच्या रकान्यात, पारूबाई लिंबाजी.

"सरजाबाई व्यंकटी हे नाव या कामावर कुठंच नाही," भीमाशंकर म्हणाले. "डोळा पारूबाईचा गेला आहे."

मावशीला वाटलं, यात काय अवघड? पारूला घेऊन येऊ, पारू सांगेल. पुढच्या खेपेला ती मायला घेऊन गेली, आणि माय मला घेऊन गेली, कारण मी पुरावा होते. साडेनऊ वर्षांची मी, दोन वेण्या घातलेली, एसटीच्या खिडकीशी बसून लातूरला निघाले. बसस्टँडवर मायनं मला सोललेला ऊस घेऊन दिला. कचेरीत मला टेबलासमोर उभं केलं आणि माय म्हणाली, "सायेब, त्या दिवशी मी कामावर न्हवते. मी घरी बाळंत होऊन राहिले होते. ही बघा, ही पोरगी त्याच दिवशी झाली. मये दोन्ही डोळे शाबूत हायेत, तिचा बघा."

भीमाशंकरांनी माझ्याकडे बघितलं, मायकडे बघितलं, मावशीच्या मिटलेल्या डोळ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांना सगळं पटलं होतं. ते म्हणाले, "बाई, मला कळलं. पण मला कळून चालत नाही. पोरीच्या जन्माचा कागद आणा. शाळेचा उतारा चालेल. मग मी वर पाठवतो."

आम्ही परत आलो ते नाचतच. दुसऱ्या दिवशी शाळेतून उतारा काढला. सुमन लिंबाजी, जन्म एक जून १९७२.

मला पाचव्या वर्षी शाळेत घातलं होतं. सहा वर्षं पुरी दाखवायला पाहिजेत म्हणून हेडमास्तरांनी सगळ्यांना टाकली तशी मलाही एक जून टाकली, आणि वर्ष मागं ओढलं. माझ्या वर्गातल्या एकतीस पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी होता. आम्हाला त्याची मजा वाटायची.

भीमाशंकरांनी उतारा वाचला, बोटांवर महिने मोजले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "या कागदाप्रमाणे त्या दिवशी ही पोरगी साडेआठ महिन्यांची होती. म्हणजे तुम्ही बाळंत झाला नव्हता. म्हणजे तुम्ही कामावर होता."

"आन् मया डोळा?" माय म्हणाली.

"तुमचा डोळा गेला आहे," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू आवाजात, "मला माफ करा बाई."

जन्माची नोंद ठेवणाऱ्या कोतवालाची वही शोधावी म्हणून दादा महिनाभर हिंडले. त्या वर्षीची वही वाळवीनं खाल्लेली निघाली. विषय संपला. माझं लेकराचं डोकं, पण मला त्या वेळी एक गोष्ट लख्ख कळली होती. मी जन्मले ती तारीख कुठं लिहिलेलीच नव्हती, आणि त्यामुळे मावशीचा डोळा गेला नव्हता. मी उताऱ्याचा तो कागद हातात घेऊन बसस्टँडवर रडले. मावशी तिथंच बाकावर बसून मला म्हणाली, "तू कायला रडून राहिलीस? तुयाच्यानं झालं का हे? तू तर त्या दिवशी कोरी करकरीत होतीस."

यानंतरची गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. कचेरीच्या बाहेर लिंबाखाली बसलिंगप्पा नावाचा एक अर्ज लिहून देणारा बसायचा. आमच्या खेपा त्यानं बघितल्या होत्या. एक दिवस त्यानं दोघींना जवळ बोलावलं आणि साधा उपाय सांगितला. कागदावर पारूबाईचा डोळा गेला आहे ना? मग पारूबाईनं अर्ज करायचा. तपासणीला एका डोळ्याची बाई पाहिजे, ती ही आहे. नाव विचारलं की पारूबाई सांगायचं. फोटो हिचा, नाव तिचं. कोण बघायला येतंय चिलारवाडीला?

"तसंही एकदा झालीच होती की तुम्ही पारूबाई," तो म्हणाला.

माय तयार झाली. तिथल्या तिथं. "मयं नाव घे सरजा, मयं काय जातंय? पगार आला की तुया हाती."

मावशी तशीच घरी आली. त्या संध्याकाळी दोघी आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी शेजारी गजगे खेळत होते, म्हणजे खेळायचं नुसतं नाव होतं, कान सगळा तिकडंच होता. मावशी म्हणाली, "पारू, त्या दिवशी मी 'हजर' म्हणले ते तुयासाठी म्हणले. मला कुणी सांगितलं न्हवतं. आता पगारासाठी पुन्हा पारू झाले, तर त्या दिवसाचं मोल घेतल्यावानी होईल. मया जिवाला ते बरं वाटायचं न्हाई."

"अगं पण तुला पगार पाहिजे ना?"

"पाहिजे. लई पाहिजे. पण त्याच्यावर सरजाबाई लिहिलेलं पाहिजे. डोळा सरजाबाईचा गेलाय."

माय खूप रागावली. दोन दिवस भिंतीच्या भोकातून काही गेलं नाही, काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मायनं तिकडून विस्तव मागितला, आणि विस्तवाबरोबर भाजलेलं वांगं आलं. पुढं मावशी पगाराचं बोलायची बंद झाली. नवी चप्पल मात्र तिनं कधी पायात घातली नाही. ती लातूरची चप्पल म्हणून फडक्यात बांधून उतरंडीवर ठेवून दिली.

ती लोकांच्या घरी धान्य निवडायला जाऊ लागली. परातीत सगळं जवळ असतं, आणि बोटांना डोळ्यांची गरज पडत नाही. बोटांनी खडा ओळखण्यात तिचा हात कुणी धरू शकला नाही. त्यातून काय मिळायचं? पायलीला ओंजळभर. पण मला नवा गणवेश तिनं त्याच वर्षी घेतला. कसा घेतला ते मी विचारलं नाही, आता विचारावंसं वाटतं आणि विचारायला कुणी नाही.

मी डी.एड. झाले, नांदेड जिल्ह्यात नोकरी लागली. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत जन्मतारीख दुरुस्त करता येते असा नियम आहे. मी पहिल्याच वर्षी अर्ज टाकला. लोक हसले. जन्मतारीख खरी करून मला नोकरीचे साडेआठ महिने जास्त मिळणार, म्हणून मी धडपडते असं त्यांना वाटलं. माझ्या मनात मात्र ते लाल फडक्यातलं पान होतं. माझी तारीख खरी ठरली की त्या दिवशी माय बाळंत होती हे खरं ठरेल, आणि मग मावशीचा डोळा सरकारी कामावर गेला हे खरं ठरेल. उत्तर आलं ते मी जपून ठेवलं आहे. पुरावा म्हणून मी माझ्या जन्माची हकीकत लिहिली होती, खडीची, हजेरीची. त्यावर त्यांनी रीतसर चौकशी करून कळवलं: सदर दिवशी अर्जदाराची आई कामावर हजर असल्याची नोंद आहे, सबब त्या दिवशी अर्जदाराचा जन्म झाला हे मान्य करता येत नाही.

म्हणजे मावशीच्या डोळ्याला माझ्या जन्माचा पुरावा पाहिजे, आणि माझ्या जन्माला तिच्या डोळ्याचा. त्या दिवशी मी शाळेच्या ऑफिसात टेबलावर इतक्या जोरानं हात आपटला की शाईची दौत पडली. मावशीला कागद वाचून दाखवला तर ती पोट धरून हसली. "म्हंजे तू झालीच न्हाईस आन् मया डोळा गेलाच न्हाई. मग बरं हाय की! चल, पोळ्या करू."

२००७ साली माय गेली. मावशीनं तिच्या डोक्याशी बसून बुद्धवंदना म्हटली, शेवटपर्यंत, न चुकता. नंतर भिंतीच्या भोकात वीट बसवून घेतली. मी म्हटलं, "राहू दे की." ती म्हणाली, "आता तिकडून कोण बोलणार?"

दोन वर्षांत तिचा उजवा डोळा जायला लागला. काचबिंदू. लातूरला दाखवलं, नांदेडला दाखवलं, उशीर झाला होता. माघाच्या पुनवेला मी गेले तर तिनं पोळी लाटली खरी, पण तव्यावर टाकताना बाहेर पडली. मग तिनं तव्याच्या काठाला बोट लावलं. भाजलं तरी काढलं नाही.

अपंगांच्या तपासणीचं शिबिर लातूरला होतं. मी रजा टाकून तिला घेऊन गेले. निघताना तिनं उतरंडीवरचं फडकं काढायला लावलं. आत ब्याऐंशीची चप्पल होती. पट्टे कडक झालेले, पण तिनं ती घातली आणि माझा हात धरून चालायला लागली. मी सवयीनं तिच्या डाव्या बाजूला गेले. ती म्हणाली, "आता कोणती बी बाजू धर, सारखंच हाय."

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. पाच मिनिटांत तपासलं. "शंभर टक्के," म्हणाला. "आजी, आता काही अडचण नाही. पगार सुरू होईल."

सत्तावीस वर्षं. दोन्ही डोळे द्यावे लागले, तेव्हा अडचण नाहीशी झाली. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, मी गिळल्या. मावशी म्हणाली, "बघ सुमन, तीसचे साठ व्हायला पाहिजे होते. सरकारनं चाळीस जास्तीचे दिले."

फॉर्म मी भरत होते. नाव, सरजाबाई व्यंकटी. गाव, तालुका, वय. मग एक रकाना आला: अपंगत्व आल्याची तारीख व कारण. डॉक्टर म्हणाला, "तिथं चालू वर्ष टाका बाई. आता शंभर टक्के आहे, तो रकाना कोणी बघत नाही."

मी म्हटलं, "मी बघते."

आणि लिहिलं: डावा डोळा, १७ फेब्रुवारी १९७३, दुष्काळी कामावर खडी फोडताना. डॉक्टरनं मान डोलावली, सही केली, शिक्का मारला. कुणी पुरावा मागितला नाही.

बाहेर बाकावर बसून मावशी म्हणाली, "वाचून दाखव." मी सगळं वाचलं. तिनं कागद हातात घेतला आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं, धान्यातला खडा शोधावा तसं. "नाव मयंच हाय ना? पारूचं न्हाई टाकलंस?"

"तुझंच आहे मावशे."

"आन् तारीख?"

मी तारीख पुन्हा सांगितली. ती हसली. "ही तर तुयी हाय," म्हणाली.

मावशीला पगार चौदा महिने मिळाला. ती गेल्यावर तिच्या लेकीनं तो दाखला मला आणून दिला, तो माझ्या कपाटात आहे. माझा शाळेचा उतारा, माझं सेवापुस्तक, माझं आधार, सगळीकडे एक जून आहे, आणि त्याच तारखेच्या हिशोबानं मी निवृत्त होणार आहे. माझा खरा जन्मदिवस सरकारी सहीशिक्क्यानिशी जगात एकाच कागदावर लिहिलेला आहे. सरजाबाई व्यंकटी यांच्या दाखल्यावर, अपंगत्व आल्याची तारीख या रकान्यात.